मधला शिकंजा

सोमवारी सुमनबाई बोलत नसे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून चातुर्मासातल्या दर सोमवारी सूर्य मावळेपर्यंत तिचं मौन असे. खूणसुद्धा करायची नाही, लिहून दाखवायचं नाही. काम मात्र चालू. कारखान्याचे मालक रतिलालभाऊ म्हणायचे, "आमच्याशी अबोला, आणि कॉम्प्युटरशी दिवसभर गप्पा." ती खाली बघून हसायची.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कपाटांचा कारखाना होता. दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, त्यांनी राउटर यंत्र आणलं होतं. टेबलावर प्लायची फळी बांधायची आणि कॉम्प्युटर सांगेल त्या वाटेने कटर तिला कापत जाणार. ती वाट सुमनबाई लिहायची. नकाशा समोर ठेवून एकेका बिंदूचा हिशेब करायचा आणि ओळीमागून ओळ टाइप करायची. एका कपाटात सकाळ जायची. त्या खुर्चीवर तिचं घर चालत होतं.

लिहिण्याआधी ती एकदा यंत्रापाशी जाऊन यायची. धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा कामगार पुना फळी बांधायचा. चार कोपऱ्यांत फळी आवळून धरणारे चार लोखंडी शिकंजे, पण फळी ओल खाऊन वाकलेली असली की मधे पाचवा. त्या जागी कटर उचलायची ओळ ती घालायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. पुनाला वाटायचं, यंत्रच चुकवतं.

श्रावणात रतिलालभाऊंचा पुतण्या लीलाधर पुण्याहून आला. त्याने प्रोग्रॅम केला होता. कपाटाची उंची, रुंदी, खोली भरायची, की सगळ्या वाटा आपोआप तयार.

"धुळ्याच्या वसतिगृहाची कपाटं यावरच काढू," रतिलालभाऊ म्हणाले. "नीट चाललं तर सुमनबाईंची टायपिंगची कटकट मिटली."

कटकट मिटली म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. तिलाही.

पहिली चाचणी नेमकी सोमवारी आली. ती देवपूजा आटोपून पोचली तोवर यंत्र सुरू झालं होतं. लीलाधरचं लक्ष स्क्रीनवर, पुना वाकून ब्रशने भुसा झाडत होता. फळी वाकलेली होती आणि मधे पाचवा शिकंजा होता. कटर सरळ त्याच्या रोखाने येत होतं, खालीच, उचललेलं नाही. लोखंडावर कटर फुटलं असतं तर तुकडे पुनाच्या तोंडावर उडाले असते.

तोंडातून शब्द निघायच्या आत तिचा हात लाल बटणावर पडला.

यंत्र थांबलं. कटर फळीत रुतलं, फळी वाया गेली.

"हे काय केलं तुम्ही?" लीलाधर खुर्चीतून उठला. "मला कळतंय, ताई. पण अशी फळी नासवून खुर्ची राहते का?"

"का थांबवलं, सुमनबाई?" रतिलालभाऊंनी विचारलं. ती तशीच उभी राहिली. "मान तरी हलव."

तिने पदर घट्ट धरला. तोवर पुनाने सवयीने शिकंजे सोडले होते. मधला हातात आला तेव्हा तो क्षणभर थबकला, मग त्याने तो टेबलाखाली सरकवला.

दुसरी फळी सपाट निघाली. चारच शिकंजे लागले. कटर सुरेख फिरलं, पाऊण तासात कपाटाचे भाग तयार झाले. सगळे खूश.

"उद्यापासून तू पॅकिंगला," रतिलालभाऊ तिला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

सूर्य मावळल्यावर ती फाटकापाशी त्यांच्यासमोर उभी राहिली. "भाऊ, मधे पाचवा शिकंजा होता. प्रोग्रॅमला तो माहीत नाही."

"मग दिवसभर गप्प का होतीस?" म्हणत त्यांनी पुनाला हाक मारली. "होता का रे?"

पुनाने चपलेकडे पाहिलं. "नव्हता, भाऊ. चारच व्हतात."

रतिलालभाऊ गेल्यावर पुना हळूच म्हणाला, "मनी बी नोकरी शे ना, ताई." त्यालाही आपली नोकरी सांभाळायची होती.

ती आता बोलायला मोकळी होती, तरी सरळ घरच्या वाटेला लागली.

मंगळवारी ती पॅकिंगच्या टेबलाशी बिजागऱ्या मोजून पिशव्यांत भरत होती. समोर पुना फळी बांधत होता. ही फळीही वाकलेली. त्याने मधे शिकंजा लावला, आवळला, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला.

"करू का सुरू?" लीलाधरने आतून विचारलं.

"पुनाभाऊ," सुमनबाई एवढंच म्हणाली.

"थांबा, लीलाधरभाऊ." पुनाने शिकंज्यावर बोट ठेवलं. "आठे मधे शिकंजा शे. काल बी व्हता."

लीलाधर बाहेर आला. त्याने शिकंजा पाहिला, कटरची वाट बोटाने हवेत काढून पाहिली. मग सुमनबाईकडे येऊन म्हणाला, "तुम्ही कटर किती उचलायचात, ताई? कुठून कुठपर्यंत?"

तिने सांगितलं. शिकंज्याच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची, तेही सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, तिने पुन्हा पुन्हा सांगितलं.

दुपारनंतर स्क्रीनवर एक नवा प्रश्न येऊ लागला: मधे शिकंजा आहे का, किती अंतरावर? पुना टेपने मापून आकडा स्वतःच भरू लागला. कटर तिथे आलं की अलगद उचलायचं आणि पलीकडे उतरायचं, अगदी तिच्या ओळींसारखं.

संध्याकाळी रतिलालभाऊ पॅकिंगच्या टेबलापाशी आले. "तू बरोबर होतीस, सुमनबाई. मी चुकलो."

"असू द्या, भाऊ."

"खुर्चीचं म्हणशील तर..." ते कॉम्प्युटरकडे पाहत राहिले. "आता तिथे बसून करायला काही उरलं नाही गं."

तिने मान हलवली आणि पुढची पिशवी उघडली.