चौथा बिघाड कोणाचा

रविवार, दिनांक ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. वारज्यातील एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिंमतरावांनी गाडीची चावी सात वेळा फिरवली आणि सातही वेळा बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज आला. इंजिन जागचे हलले नाही. तंत्रनिकेतनाच्या मोटार विभागात एकतीस वर्षे शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना तीनच वाचने घ्यायला सांगितली होती. उरलेल्या चार वेळा चावी फिरली ती शास्त्रामुळे नव्हे, भीतीमुळे.

भीतीला कारण होते. शेजारच्या सीटवर जरीकाठी साडी नेसून पूर्णिमाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या पर्समध्ये करारनामा होता.

हा करारनामा जून महिन्यातला. एकवीस वर्षांच्या या गाडीने तोवर वर्षात तीनदा दगा दिला होता. तिसऱ्यांदा तर स्वारगेटच्या चौकात, भर दुपारी; तेव्हा एक वाहतूक पोलीस, दोन बसप्रवासी आणि एक फुगेवाला यांच्या जोडीने पूर्णिमाबाईंनाही गाडी ढकलावी लागली होती. दुसरी कोणी बाई असती तर घरी येऊन भांडली असती. पूर्णिमाबाई न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. त्या भांडत नसत, मसुदा करीत. गाडी स्वतःच्या दोषाने चौथ्यांदा बंद पडली तर ती विकायची, हे पहिले कलम. चालकाच्या चुकीने बंद पडली तर तो बिघाड गाडीच्या नावावर धरायचा नाही, हे दुसरे. आणि कारण सापडलेच नाही तर दोष गाडीचाच मानायचा, हे तिसरे. दुसरे कलम वाचून हिंमतराव मनापासून हसले होते. आपल्या हातून चूक होणे ही त्यांना केवळ तात्त्विक शक्यता वाटली, आणि त्या हसण्याच्या भरातच त्यांनी सही केली.

"कसब्यात बारसं साडेदहाला आहे," पूर्णिमाबाई समोर पाहत म्हणाल्या. "पावणेदहाला मी रिक्षा बोलावणार. तोवर कारण सापडलं तर ऐकून घेईन."

हिंमतरावांनी क्षणभर विचार केला आणि आयुष्यातले पहिले असत्य तांत्रिक विधान केले. काल आतला दिवा आपल्याकडून चालू राहिला असावा, त्यामुळे बॅटरी उतरली असावी, असे ते म्हणाले. पूर्णिमाबाईंनी हात लांब करून हॉर्न दाबला. तो इतका खणखणीत वाजला की पहिल्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. उतरलेली बॅटरी असा हॉर्न वाजवत नाही, हे त्यांना हिंमतरावांनीच बेचाळीस वर्षांच्या संसारात निदान दहा वेळा सांगितले होते. कबुलीजबाब तिथेच फेटाळला गेला.

मग हिंमतरावांनी बॉनेट उघडले. वहीत तारीख घातली, चष्मा पुसला, मल्टिमीटर काढला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत होती, म्हणजे निर्दोष. दिवे लखलखीत, पण चावी फिरवताच मिणमिणते होत. म्हणजे विजेची वाट कुठेतरी अडत होती. नाहीतर इंजिन फिरवणारा सेल्फच आतून गेला होता. सेल्फ गेला म्हणजे गाडीचा दोष. गाडीचा दोष म्हणजे चौथा.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचा तेजस, आयटीतला, हॉर्न ऐकून खाली आला. त्याने ते 'टक्' एकदाच ऐकले आणि खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढली. "काका, सिंपल आहे. माझ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने जम्प देतो. टू मिनिट्स, स्टार्ट होईल."

"केबलला हात लावू नकोस," हिंमतराव म्हणाले.

तेजस गोंधळला. गाडी चालूच करायची आहे ना, असे त्याने विचारले. हिंमतरावांनी सांगितले की गाडी चालू करायची नाही, कारण शोधायचे आहे. कारणाशिवाय चालू झालेली गाडी तिसऱ्या कलमाखाली जाते. तेजसने आशेने काकूंकडे पाहिले. काकूंनी पर्स उघडून करारनामा त्याच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला, आणि ऑफिसातसुद्धा एवढे स्पष्ट लिहिलेले आपण कधी वाचले नाही, असे म्हणून आदराने परत केला.

आता चावी फिरवण्याचे काम तेजसकडे आले. हिंमतराव एकेक जोड तपासत निघाले. इंजिनाकडून गाडीच्या पत्र्याला जाणारी अर्थिंगची पट्टी ठीक. सेल्फकडे जाणारी जाड वायर ठीक. शेवटी त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवले आणि दुसरे त्याच खुंटाला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर. दोन्हींत केसाचेही अंतर नव्हते. तिथे पाव व्होल्टसुद्धा हरवायला नको.

"फिरव."

टक्. मीटरवर आठ व्होल्ट दिसले.

दोष सापडला होता. दिव्याला लागतो वाटीभर प्रवाह, सेल्फला लागतो हंडाभर. या जोडातून वाटीच पलीकडे जात होती. पण आनंद करावा असे काही नव्हते. क्लॅम्प गंजला असेल तर तोही गाडीचाच दोष. नऊ वाजून एकतीस मिनिटे झाली होती. दहा नंबरच्या पान्याने त्यांनी क्लॅम्प सैल केला, वर उचलला, आणि जागच्या जागी थबकले.

गंज नव्हता. खुंटावर पिवळा सुकलेला लेप होता, आणि लेपात चेपलेले तांदळाचे तीन दाणे.

हिंमतरावांना बुधवारची खंडेनवमी आठवली. पूर्णिमाबाई बॉनेटला कुंकू लावायला निघाल्या तेव्हा त्यांनीच अडवले होते. हत्यारे आणि मीटर पूजल्यावर त्यांनी क्लॅम्प काढला, खुंट घासून चकचकीत केला, ओली हळद लावली, अक्षता वाहिल्या आणि क्लॅम्प पुन्हा आवळून टाकला. तेव्हापासून गाडी बाहेर निघाली नव्हती.

त्यांच्या हातात फडके होते. नोकरीभर नोंदवहीच्या 'मानवी चूक' या रकान्यात त्यांनी शेकडो मुलांची नावे लिहिली होती. स्वतःचे एकदाही नाही. एकदा फडके फिरवले असते तर ते आजही लिहावे लागले नसते. पण मग कारणही पुसले गेले असते आणि तिसऱ्या कलमाखाली गाडी गेली असती. हिंमतरावांनी फडके खिशात कोंबले.

"पूर्णिमा, खाली उतर. दोष माझा आहे."

"हे तुम्ही मघाशीही म्हणालात."

"मघाशी खोटं बोललो."

पूर्णिमाबाई उतरल्या, साडीचा पदर सावरून वाकल्या आणि चष्म्याच्या खालच्या भिंगातून खुंट पाहिला.

"हळद कोणी लावली?"

"मी."

"बॅटरीला?"

"बॉनेट काय काम करतं? नुसता पत्रा. शक्ती बॅटरीत असते. पूजा करायची तर शक्तीची."

"आणि तांदूळ कोणी दिले होते?"

हिंमतराव अडखळले. "तू."

"म्हणजे मी सहआरोपी."

हा मोह मोठा होता. चूक अर्धी वाटून घेता आली असती. पण वहीसमोर त्यांना खोटे जमेना. "नाही," ते म्हणाले. "तू तबकात दिलेस. क्लॅम्पच्या आत मी घातले."

"मग पुसायचं राहून गेलं का?"

"राहून गेलं नाही. निर्माल्य लगेच काढू नये म्हणून ठेवलं."

"मुद्दाम?"

"पूर्ण विचारांती."

तेजसने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते. पूर्णिमाबाईंचा चेहरा मात्र न्यायालयात असायचा तसाच राहिला. त्यांनी ते तीन दाणे निवडून रुमालात बांधले, पुरावा म्हणून. हिंमतरावांनी खुंट घासला, क्लॅम्प बसवला, आवळला. नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले.

पूर्णिमाबाईंनी करारनामा बॉनेटवर पालथा ठेवला, हिंमतरावांच्याच पेनाने निकाल लिहिला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. हिंमतरावांनी दोन ओळी काळजीपूर्वक वाचल्या आणि निवृत्तीच्या दिवशीही केली नव्हती इतकी ऐटबाज सही केली.

चालकाची चूक : १.
गाडीचे बिघाड : ३.