चौदा नंबरचा रिकामा खिळा

मित्रांनो, माझ्या लाकडी मुठीवर चौदा हा आकडा कोरला आहे, आणि त्याच आकड्याच्या खिळ्यावर माझे आयुष्य गेले. मी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर आहे. कारखान्यातून निघालो तो थेट विमाने ठेवायच्या एका हँगरमध्ये आलो. तिथे दर रविवारी शाळकरी कॅडेट ग्लायडर उडवायला शिकतात. ग्लायडरला इंजिन नसते. लांब दोराने ओढून त्याला वर चढवतात.

हँगरच्या भिंतीवर एक पांढरी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढली आहे. हत्यार उचलले की त्या खिळ्यावर आपल्या नावाचा पितळी बिल्ला टांगायचा. परत येऊन आधी हत्यार टांगायचे, मगच बिल्ला काढायचा. कोणते हत्यार कोणाकडे आहे, हे लांबूनही दिसते.

तरुणपणी माझा मान मोठा होता. "चौदा नंबर आण, बाकीचे नुसते मिरवायला आहेत," असे मिस्त्री म्हणत. पुढे बॅटरीवर फिरणारे स्क्रू-ड्रायव्हर आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. मला आवर्जून उचलणारी एकच कॅडेट उरली. ती चणीने लहान आणि सतत काहीतरी वाहून नेणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत.

त्या रविवारी मुंगीची सार्जंटपदाची परीक्षा होती. सकाळी ग्लायडर तपासायचा, मग गणवेशाची तपासणी, मग कवायत आणि शेवटी उड्डाणाची आज्ञा द्यायची. तिची आत्या सुईदोरा घेऊनच आली होती. सार्जंटच्या फिती तिने हँगरच्या बाकावर बसून दुसऱ्या शर्टाच्या एका बाहीला टाचल्यासुद्धा होत्या.

"आत्या, अजून निकाल लागायचाय," मुंगी म्हणाली.

"लागेल. तोवर माझी एक बाही होईल."

मुंगीने माझ्याकडून ग्लायडरच्या आसनाच्या पट्टीचा ढिला स्क्रू आवळून घेतला आणि मला क्षणभर आसनावर ठेवले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "गणवेश तपासणी, दोन मिनिटं." तपासणीला बिल्ला छातीवर लागतो. ती धावत फळीकडे गेली, बिल्ला काढून खिशावर लावला आणि रांगेत उभी राहिली. ग्लायडर बाहेर ढकलला गेला तसा मी आसनावरून घरंगळलो आणि थेट तळाशी जाऊन पडलो.

माझ्यापासून बोटभर अंतरावर एक सळई होती. वैमानिकाच्या हातातली दांडी त्याच सळईने शेपटीचे पंख हलवते.

कवायत संपली. लंबू नावाने ओळखला जाणारा वरिष्ठ कॅडेट आसनात बसला. त्याने दांडी पुढे-मागे हलवून पाहिली. सळई माझ्या शेजारून मोकळी सरकली. "सगळं ठीक," तो म्हणाला. मित्रांनो, ठीक नव्हते. जमिनीवर ग्लायडर आडवा होता, म्हणून मी बाजूला होतो. वर चढताना नाक उचलले की मी मागे घसरणार आणि सळईच्या खाचेत अडकणार, हे मला कळत होते. पण लोखंडाला ओरडता येत नाही.

दोर जोडला गेला. मुंगी पंखापाशी उभी होती. प्रशिक्षक सर तिच्या मागे वही घेऊन उभे होते. तिने आज्ञेसाठी हात वर उचलला, तेव्हा छातीवरचा बिल्ला गुंडीवर वाजला. तिचा हात अर्ध्यावरच थांबला.

"काय गं, विसरलीस का पुढचं?" लंबूने आतून विचारले.

तिला बिल्ला काढल्याचे आठवत होते. मला टांगल्याचे आठवत नव्हते. खात्री कशाचीच नव्हती.

"थांबवा," ती म्हणाली. "दोर सोडा. लंबूदादा, खाली उतर."

उड्डाण थांबले की आधी फळी तपासतात; मिस्त्री ती पाहून आले. "चौदा नंबर जागेवर नाही, सर. खिळ्यावर बिल्लाही नाही."

म्हणजे नाव कोणाचेच नव्हते. सकाळपासून हँगरमध्ये वीस कॅडेट वावरले होते. सरांनी सगळ्यांकडे पाहिले. "कोणी नेला होता?"

"मी, सर. बिल्ला आधी काढला."

लंबूने आसनाखाली हात घालून मला शोधले. सरांनी मला पुन्हा तिथेच ठेवायला लावले. मग चौघांकडून ग्लायडरचे नाक उचलून धरले. मी घसरलो.

"आता दांडी ओढ," सर लंबूला म्हणाले.

लंबूने ओढली. दोन्ही हातांनी ओढली. दांडी हलली नाही.

"आजची परीक्षा नापास," सरांनी वहीत लिहिले.

आत्या उठून आली. "अहो, पोरीनं वेळेवर थांबवलं ना?"

"थांबवलं, म्हणून पुढच्या वेळी बसू देतोय. नाहीतर फळीला हातही लावू दिला नसता."

आत्या बाकावर परत गेली आणि दाताने फितींचे टाके तोडू लागली. मुंगीने मला पुसले, खिळ्यावर टांगले, आणि मी हलत नाही ना हे दोनदा पाहिले.

चार महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी आत्याने निकाल लागेपर्यंत सुई पिशवीतून काढली नाही. शेवटी सर एवढेच म्हणाले, "आत्याबाई, शिवा आता."

आज सार्जंट मुंगी नव्या कॅडेटांना पहिल्या दिवशी फळीसमोर उभे करते, मला हातात घेते आणि ती हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. एकदा कोणीतरी विचारले, "ताई, खात्री नव्हती, तर थांबवलं कशाला?"

"खात्री नव्हती म्हणूनच," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी मूठ आता चिरली आहे. मला जपून वापरा, काम झाले की जागेवर ठेवा, एवढे मी मागेनच. आणि कधी तुमच्या हातून आमच्यापैकी कोणी भलत्या जागी राहून गेले, तर लगेच सांगा. आम्ही तिथे पडून सगळे पाहतो, पण 'थांबा' म्हणायला आवाज तुमच्याकडेच आहे.