चौदा नंबरच्या खाटेचं ताट

मी एक जुना तक्ता आहे. एका रुग्णालयाच्या संगणकात राहतो, आणि मित्रांनो, आज माझं डोकं भयंकर फिरलंय!

अकरा वर्षांपूर्वी एका हुशार बाईंनी मला घडवलं. माझ्या एकेका ओळीत एकेक रुग्ण: क्रमांक, नाव, खाट. शेजारी पथ्याचा तक्ता. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर. दोन्हीकडचा रुग्णक्रमांक जुळवून ओळीला ओळ जोडायची, की स्वयंपाकघरासाठी ताटांची यादी तयार. पथ्य लिहिलेलं नसलं तरी रुग्ण यादीत राहायचाच, फक्त पथ्याचा रकाना रिकामा दिसायचा. बाईंच्या त्या जोडणीला लेफ्ट जॉइन म्हणतात. रिकामा रकाना दिसला की स्वयंपाकघरातले आचारीकाका वॉर्डात फोन करून विचारायचे. इतकी वर्षं एकही ताट चुकलं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. त्यांच्या डोळ्यांत रिकामे रकाने खुपायला लागले. "यादी कशी स्वच्छ हवी!" म्हणत त्यांनी इनर जॉइन लावला. म्हणजे दोन्ही तक्त्यांत ओळ असेल तोच यादीत, बाकीचे गेले उडत! कुणाला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. मला तोंड असतं तर तिथेच खडसावलं असतं.

दुसऱ्याच दिवशी चौदा नंबरच्या खाटेवर एक आजी आल्या. पथ्य लिहायचं राहिलं होतं. दुपारी सिस्टरनी इन्सुलिन दिलं आणि बजावलं, "आता लगेच जेवायचं हं, आजी."

ताट आलंच नाही. वाढपी म्हणाला, "यादीत नाव नाही. तपासणीसाठी उपाशी ठेवलं असेल." आजी बिचाऱ्या घोटभर पाणी पिऊन पडून राहिल्या. थोड्या वेळात रक्तातली साखर एकदम उतरली, घामाने थबथबल्या, जीभ अडखळायला लागली. धावाधाव झाली, ग्लुकोज चढवलं, म्हणून वाचल्या.

सिस्टर तरातरा साहेबांकडे आल्या. साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "पण यादीत त्या नाहीतच."

"अहो, खाटेवर आहेत ना!"

माझ्यात त्यांची ओळ सकाळपासून होती!

साहेबांनी जुनी जोडणी परत लावली आणि खाली मान घालून माफी मागायला गेले. माझा राग काही गेलेला नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही तक्ते जोडाल, तेव्हा जोडण्याआधी किती माणसं होती ते मोजा आणि गळलेल्यांना शोधा. आजींनी साहेबांना एवढंच विचारलं होतं, "बाळा, मी दिसले नाही का रे तुला?"