महालिंगप्पाकाकांचं हैद्राबादचं भाषण

हे तुम्हाला पटणार न्हाय, पैजेवर सांगतो. जळकोटात साठ वर्षांत कुणालाच पटलं न्हाय. माझे थोरले चुलते महालिंगप्पा बावन्न सालात, आमचा मुलूख हैद्राबाद राज्यात होता तवा, तिथल्या विधानसभेत आमदार होते, आणि तिथं त्यांनी गावच्या पाण्यासाठी असं भाषण ठोकलं की अध्यक्ष मधेच उठून जेवून आले, तरी काका उभेच.

आमदार होते एवढं खरं. भाषण म्या पदरचं घातलं. सुरुवातीला ते अर्ध्या तासाचं होतं. लग्नात, जत्रेत, पारावर सांगता सांगता साडेतीन तासांवर गेलं. आता माझं वय सत्त्याऐंशी. ते भाषण उचलून उचलून दमलो, पण खाली ठेवायला जागा सापडत न्हाय.

यंदा गावात पोरांसाठी अभ्यासिका बांधली. माझी नात गायत्री म्हणाली, काकाअज्जांचं नाव द्या. सरपंच बलभीम म्हणाला, "धोंडप्पाअण्णा, तुमच्या गप्पांवर पाटी लागत न्हाय. सभेत गावासाठी तोंड उघडल्याचा एक कागद आणा, त्याच दिवशी ठराव घेतो."

पोरगी खुळी. तिनं माझं भाषण खरं धरलं. नोकरीतल्या रजा घालवून तीन वेळा हैद्राबादला गेली. पाच वर्षांच्या कामकाजाची जाड पुस्तकं, सगळी उर्दूत. तिला उर्दू येत न्हाय, म्हणून काकांचं नाव कसं दिसतं ते म्या चिठ्ठीवर काढून दिलं होतं. ती चिठ्ठी पानापानाला लावून बघायची. दोन खेपा डोळे सुजवून रिकामी आली. तिसऱ्या खेपेला नाव सापडलं. एका पानावर, एकदाच. त्या पानाची झेरॉक्स घेऊन आली.

काल दुपारी पंचायतीत सगळे जमले. निजामाच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला, म्हणजे उर्दू वाचणारा तिथं म्या एकटा. माझे हात कापतात म्हणून कागद माझ्या बायकोनं, उमादेवीनं, माझ्यापुढं धरला. गायत्रीनं लाल पेनानं चौकट आखली होती.

"अज्जा, एवढंसंच हाय," ती हळूच म्हणाली.

"उर्दूत थोडक्यात लई मावतं," म्या म्हणालो, आणि चष्मा लावला.

चौकटीत होतं ते असं. सदस्य महालिंगप्पा: पंखा जरा हळू करा, माझे कागद उडतायत. अध्यक्ष: बरं.

पाच वर्षांत एवढंच.

खरं वाचावं म्हणून म्या तोंड उघडलं होतं, संगमेश्वराची आण. पण पोरगी वही उघडून बसली होती. तिच्या हातात ती चिठ्ठी अजून होती, घडीवर फाटलेली.

"अध्यक्षमहाराज," म्या सुरू केलं, "आमच्या जळकोटात बाया तीन कोस पाण्याला जातात. लेक सासरी निघाली तर आई तिला दागिना देत न्हाय, घागर देते..."

"व्हय, आमची आज्जी सांगायची," मागून कोण तरी म्हणालं.

मग मला आवरेना. काकांनी तांब्यातलं गढूळ पाणी मंत्र्यांच्या टेबलावर ठेवलं. मंत्री घोटभर प्याले आणि आठ दिवस अंथरुणाला खिळले. अध्यक्ष जेवून आले, पान खाऊन आले, काका उभेच. गायत्री भराभर लिहीत होती. बलभीमानं पेनाचं टोपण काढलं, ठरावाची वही पुढं ओढली. कागद खाली यायला लागला की म्या कोपरानं उमादेवीला ढोसायचो, ती पुन्हा वर धरायची.

"अन् मग सगळी सभा उठून उभी राहिली," म्या म्हणालो, "आणि काका म्हणाले..."

"अहो," उमादेवी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण चिडून न्हाय, दमून. "ह्या चौकटीत दोन ओळी हैत. अर्धा तास झाला वाचताय. माझा हात भरून आला, अजून किती धरू?"