चादर फाडणारं भूत

सूनबाईच्या कादंबरीतलं भूत म्हणजे आपणच, हा कडकबाईंचा हट्ट होता. पुस्तक छापून आलं त्या दिवसापासून त्या यावरून तसूभर हटल्या नव्हत्या.

दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बसली असती. पण कडकबाईंची गोष्ट वेगळी. त्यांच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवरून गल्लीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. शाळा दुसरीतच सुटली, तरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या कापडाची पुन्हा चुरगळायची छाती नव्हती. अशा बाईवर जन्मात कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि सुनेनं लाँड्रीच्या काउंटरवर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, चांगलं जाडजूड पुस्तक लिहिलं. मग भूत तर भूत!

ते पुस्तक कडकबाईंनी अख्खा हिवाळा अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षरांशी भांडत वाचून काढलं होतं. त्यातलं भूत शेवटपर्यंत दिसतच नाही. जुन्या घरात नवं बिऱ्हाड येतं, कपडे वाटेल तिथे भिरकावून झोपतं आणि सकाळी बघतं तर सगळ्याच्या घड्या, टोकाला टोक लावलेलं. पुढे पुढे तर माणसं जागी होतात ती चादरीत गळ्यापर्यंत घट्ट खोचलेली, हात हलवायची सोय नाही. आणि कुणी मोजा जरी जमिनीवर टाकला, तरी भिंतीमागून आवाज येतो, "हं." बस्स, तेवढाच. ते "हं" वाचून भलेभले दिवा लावून झोपायचे म्हणे.

"हे 'हं' कुणाचं गं?" इस्त्री फिरवता फिरवता कडकबाई विचारायच्या.

"कुणाचंच नाही, आई. कल्पना आहे नुसती."

"कल्पनेतल्या बाईला घडी घालायची अक्कल कुठून आली? तुझ्या माहेरी तर टॉवेलचासुद्धा बोळा करून ठेवतात."

"आई!"

"रागावले नाही गं मी. एकदा हो म्हण की. जिभेला काय खळ लावलीय?"

सूनबाई मान खाली घालून सदऱ्यांची बटणं तपासायला लागायची. सासूचं भूत केलं असं कबूल केलं तर लोक तोंडात शेण घालतील, ही तिची धास्ती. आणि कडकबाईंना तर ते नेमकं चारचौघांतच ऐकायचं होतं. घरातल्या घरात केलेलं कौतुक काय, चाटायचंय?

मग त्या पुस्तकावर सिनेमा निघाला. पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं तशी कडकबाईंनी गल्लीभर दवंडी पिटली, "माझ्यावर सिनेमा काढलाय!" शेजारच्या शिंपिणीशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण तिलाही आग्रहानं नेलं. शत्रूनं बघितलं नाही तर मिरवण्यात काय राम?

"भुताचं काम तुम्हालाच का नाही दिलं हो?" शिंपीण म्हणाली. "रंगरंगोटीचा तरी खर्च वाचला असता."

"मी परवडायला नको का त्यांना!"

सिनेमागृहात पहिल्या रांगेत जागा. कडकबाई ताठ बसल्या. सुरुवात बरी झाली. पडद्यावर घड्या दिसल्या, तेव्हा त्यांनी शिंपिणीला कोपरानं ढोसलं. पण मग कुठूनसा बँडबाजा सुरू झाला, कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि आतून एक बया बाहेर पडली. केस मोकळे, डोळे लाल, नखं ही एवढी.

"अगं, झग्याला इस्त्री नाही हिच्या!" कडकबाई ओरडल्याच.

तेवढ्यावर भागतं तर देव पावला म्हणायचं. ती बया छताला पालीसारखी चिकटली. गळा फाटेस्तोवर किंचाळली. मग खाली उडी मारून झोपलेल्या माणसाची चादर तिनं नखांनी टराटरा फाडली. धडधाकट, स्वच्छ, पांढरी चादर!

शिंपीण पॉपकॉर्न चघळत म्हणाली, "बरोबर आहे हो, अगदी तुमच्यावरच काढलाय. नखं आज घरी ठेवून आलात वाटतं?"

रांगेत खसखस पिकली. पर्स मांडीवर घेऊन कडकबाई अंग चोरून बसल्या. आता सूनबाई हो म्हणाली तरी पंचाईतच. हो म्हणजे ती छतावरची पाल आपण! गप्प बस गं बाई, त्यांनी मनातल्या मनात सुनेला विनवलं, आता आयुष्यभर नाहीच म्हण.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक मंचावर आला. "पुस्तकात नुसतं 'हं' पुरतं," तो म्हणाला, "बाकीचं वाचणारा मनात रंगवतो. पडद्यावर मात्र काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून आम्ही भुताला जरा मोकळं सोडलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं सूनबाईला वर बोलावून तिच्या हातात माइक दिला.

"छान आहे," सूनबाई पुटपुटली. "घर अगदी तसंच उभं केलंय. धन्यवाद." ती माइक परत देणार, तेवढ्यात तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. कडक सासू अशी चुरगळलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

"पण ती चादर का फाडते?"

दिग्दर्शक हसला. "भूतच ते. फाडणारच."

"माझ्या सासूबाई चादर फाडतील?" सूनबाईचा आवाज चढला. "आणि किंचाळतात काय! अहो, त्यांना किंचाळायची गरजच पडत नाही. लग्न होऊन आले त्याच दिवशी मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि पाठीमागून 'हं' आलं. अजून परक्या घरातसुद्धा ओला टॉवेल हातात असला की मी मागे वळून बघते! ती भीती होती पुस्तकात. आणि सकाळी उशाशी घडी केलेले कपडे दिसले, की आपल्यासाठी कुणीतरी राबलंय हे कळायचं, तेही होतं. ते सगळं कुठे सांडलंत तुम्ही?"

आपण काय बोलून बसलो हे कळताच सूनबाईनं जीभ चावली.

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. "म्हणजे ते भूत..." दिग्दर्शक चाचरत म्हणाला, "आजी, तुम्ही?"

कडकबाई उठल्या. पदरी पडलेलं दान त्यांनी क्षणभर नीट चाखलं. मग त्यांनी दिग्दर्शकाला आपादमस्तक न्याहाळलं. सदरा अर्धा खोचलेला, अर्धा बाहेर. कोट खुर्चीवर बोळा करून टाकलेला.

"हं," त्या म्हणाल्या.

माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. दिग्दर्शकाचा हात आपोआप कोटाकडे गेला आणि तो मुकाट्यानं घडी घालायला लागला. पुढच्या दोघा-तिघांनी सदरे खोचले. मग असा हशा फुटला आणि अशा टाळ्या कडाडल्या, की सिनेमाला पडल्या त्याच्या दुप्पट. शिंपिणीनं मांडीवर सांडलेले पॉपकॉर्न गुपचूप एकेक करून वेचले.

घरी जाताना सूनबाई म्हणाली, "आई, चारचौघांत बोलले. रागावलात?"

"रागावू कशाला? इतकी वर्षं जिभेला लावलेली खळ एकदाची निघाली." कडकबाईंनी तिचा हात आपल्या काखेत घट्ट खोचला, चादर खोचावी तसा. "आता पुढच्या पुस्तकात त्या शिंपिणीला घाल. आणि तिला काय किंचाळायचं ते किंचाळू दे."