न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा

मी एक म्हातारी शेळी आहे. अ‍ॅटलासच्या डोंगरात तूदा नावाच्या बाईच्या गोठ्यात जन्मले, तिथेच वाढले. मित्रांनो, माझी कीव करू नका. आधी माझा राग ऐका.

एका हिवाळ्यात आम्हा शेळ्यांमध्ये रोग पसरला. माझे डोळे चिकटले, नाक गळू लागले, तोंडात फोड आले. तूदा रोज कोमट पाण्याने माझे तोंड पुसायची, जवाची पेज भरवायची. मी वाचले. माझे करडू तर आजारी पडलेच नाही.

त्याच सुमारास भट्टीवाल्या अस्सूच्या नातवाला ताप आला, अंगभर पुरळ उठले. तूदा गावाच्या सामाईक भट्टीवर भाकरी भाजायला गेली, तर अस्सूने तिला दारातच अडवले.

"तुझ्या शेळ्यांनी माझ्या पोराला रोग दिलाय. इथं पाऊल टाकू नकोस."

"अस्सूकाका, त्यांची नाकं मी पुसते. मला काही झालंय का?"

"तुझं कातडंच जाड आहे," भट्टीवर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

माझे करडू तूदाच्या मागे मागे गेले होते. हसणाऱ्यांनीच त्याला दगड मारले. तूदाने त्याला उचलून घरी आणले, तेव्हा ते गेलेले होते. मी त्याला कितीतरी वेळ चाटत राहिले.

मग आम्हाला तपासायला गुरांची डॉक्टरीण इज्जा आली. तिने अस्सूच्या नातवालाही पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा गोवर आहे. माणसाचा रोग, माणसाकडूनच आलाय. याला आधी दवाखान्यात न्या. शेळ्यांचा विषाणू त्याचा लांबचा भाऊ आहे, पण तो शेळी-मेंढीच्या पेशीला धरून आत शिरतो. माणसाच्या पेशीवर त्याला नीट पकडच मिळत नाही. म्हणून तुम्हाला तो आजारी पाडत नाही."

"मग पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस कसा मरतो?" अस्सूने विचारले.

"तो विषाणू दोघांतही शिरतो. प्रत्येकाचं वेगळं असतं, काका. म्हणून दगड उचलायच्या आधी विचारायचं."

मुलगा बरा झाला. अस्सू गरम भाकरी घेऊन आमच्या दारात आला, मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं, पोरी." तूदाने भाकरी घेतली, तिला त्याच गावात राहायचे होते.

मित्रांनो, आम्हाला वेळेवर लस टोचा, आजारी शेळीला कळपापासून वेगळे बांधा, आणि रोग कोणाचा ते जाणत्याला विचारा. अस्सूने भाकरीचा एक तुकडा माझ्यापुढेही धरला होता. मी तोंड फिरवले.