कडूभाऊंच्या केळीतला निरोप्या

मित्रांनो, शाहपूरच्या शिवारात केळीच्या बागेत उभा असलेला मी एक जुना बिनतारी डबा आहे. माझा पाय मातीत रुतलेला आणि डोक्यावर वीतभर अँटेना. मातीतली ओल मोजायची आणि ती कमी झाली की गावातल्या घरी निरोप धाडायचा, एवढंच माझं काम. निरोप पोचला की घरातल्या दुसऱ्या डब्यावर लाल दिवा लागे आणि बागेचे मालक कडूभाऊ ठिबक सोडायला निघत. "डबा माणसाहून इमानदार हाये," असं ते चारचौघांत सांगत. मी फुशारून जाई.

तेव्हा रोपं गुडघ्याएवढी होती. मग केळी वाढल्या आणि त्यांची पाण्याने भरलेली पानं माझा आवाज पिऊन टाकू लागली. एकच निरोप थोडा सरळ जाई, थोडा पत्र्याच्या शेडवर आपटून उशिरा पोचे आणि दोन्ही मिसळून पुसट होत. त्यात शेजारच्या मळ्यात माझ्यासारखाच डबा आला. आम्ही एकदम बोललो की दोघांचंही वाया जाई. माझी भाषा शून्य आणि एकची. त्यात जरा गडबड झाली की घरचा डबा अख्खा निरोप फेकून देतो. म्हणून मी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत असे.

वैशाखात ऊन तापलं. कडूभाऊंच्या बायकोला, धुरपदाबाईंना, माझी दया आली. त्यांनी तेलाचं रिकामं पत्र्याचं पिंप माझ्यावर उपडं घातलं. माया खरी होती, पण आता माझा एक शब्दही बाहेर जाईना.

त्याच आठवड्यात अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. लेक वैशाली सासरहून माहेरी आली. घरी आमरस, झोके, गाणी. दिवा लागत नाही म्हणजे बागेत ओल आहे, असं समजून चार दिवस इकडे कुणी फिरकलं नाही. माती भेगाळली. घडांनी वाकलेल्या केळी माना टाकू लागल्या. मी आत ओरडत होतो. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

पाचव्या दिवशी माय-लेकी जेवणासाठी पानं कापायला आल्या. बाग बघून धुरपदाबाई सुकलेल्या झाडांना हात लावत फिरू लागल्या. वैशालीने माझ्यावरचं पिंप उचललं आणि घरी फोन लावला, "बाबा, दिवा लागला का?"

"आत्ता लागला! येतो मी."

कडूभाऊंनी धावत येऊन पाणी सोडलं, पण कितीतरी झाडं घडांसकट मोडली होती.

"डबा गप होता, म्हून मले वाटलं बाग ओली हाये," धुरपदाबाई रडत म्हणाल्या.

वैशालीने पिंप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माय, मी बी दोन महिने फोन नही केला. तुले वाटलं, मी मजेत हाये?"

धुरपदाबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं, बहुधा ती आल्यापासून पहिल्यांदाच.

मित्रांनो, आम्हा डब्यांना उंच, मोकळ्या जागी ठेवा, एवढं मागणं आहेच. पण आपलं माणूस गप्प झालं, तर ते सुखात आहे असं धरून बसू नका. उठा आणि जाऊन बघा.